मौनाची बंदिशाळा

फिलाडेल्फिया शहराच्या फेअरमाउंट रस्त्यावरून जात असता घरांची आणि उपाहारगृहांची ओळ एके ठिकाणी थांबते आणि तीस फूट उंचीची, करड्या दगडांची एक अखंड भिंत सुरू होते. तिच्या मध्यभागी जे प्रवेशद्वार आहे ते पाहून, सह्याद्रीतील किल्ल्यांच्या वाटा ज्याने तुडविल्या आहेत अशा मराठी माणसाला आपण एखाद्या परदेशी गडाच्या दरवाजापाशी उभे आहोत असेच क्षणभर वाटावे. तेथे बुरूज आहेत, चर्या आहेत, जंग्या आहेत आणि कमानीखाली भलेथोरले फाटकही आहे. परंतु या जंग्यांतून कधी बाण सुटला नाही की बंदूक रोखली गेली नाही, कारण त्यांतील पुष्कळशा केवळ दगडात कोरलेला देखावा आहेत. शत्रूला थोपविण्याची गरज या वास्तूला कधीच नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात धडकी भरावी आणि गुन्ह्याचा विचार तेथल्या तेथे विरून जावा, एवढ्यासाठीच तिला हा गढीचा वेष चढविण्यात आला. या वास्तूचे नाव ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ पासून १९७१ पर्यंत, म्हणजे १४२ वर्षे, येथे तुरुंग होता. १९९४ पासून येथे संग्रहालय आहे.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी भय या विषयावर अंक काढण्याचे योजिले, आणि ज्या जुन्या तुरुंगात शरद ऋतूच्या रात्री हजारो लोक पैसे मोजून भिण्यासाठी जातात तो पाहून या, असे मला सुचविले. त्यांच्या मनात असलेला लेख भुताटकीच्या बाजाराविषयीचा होता. तो बाजार मी पाहिला आणि त्याविषयी पुढे लिहिणारही आहे. परंतु दिवसाउजेडी त्या कोठड्यांतून हिंडताना छतातल्या एका झरोक्याने माझे लक्ष असे काही धरून ठेवले की, या संस्थेचा सारा इतिहास, तिचा उदात्त हेतू, तिचे क्रौर्य, तिची पडझड आणि तिचा आजचा जमाखर्च, हे सर्व मला त्या एका झरोक्यातूनच समजत गेले.

आधी अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तुरुंग म्हणजे स्त्री-पुरुष, पोरे-थोरे, कर्जबाजारी आणि खुनी यांना एकाच दालनात कोंडण्याची जागा होती. तेथे दारू विकत मिळे आणि जेवण मात्र मिळेलच अशी खात्री नसे. १७८७ साली फिलाडेल्फियातील काही सज्जनांनी, ज्यांत क्वेकर पंथाचे धर्मनिष्ठ लोक बरेच होते, सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे वैद्य बेंजामिन रश हे त्या मंडळीचे अध्वर्यू होते, आणि चाबकाच्या व चव्हाट्यावरील शिक्षांविरुद्धचा आपला निबंध त्यांनी त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घरी वाचला होता. या मंडळींची श्रद्धा अशी की, मनुष्य मुळात दुष्ट नसतो, कुसंगतीने तो बिघडतो; त्याला त्या संगतीतून काढून एकांतात ठेवले, हाताला काम दिले आणि जवळ बायबल ठेवले, तर त्याचा अंतरात्मा जागा होईल आणि पश्चात्ताप आपोआप उद्भवेल. १७९० साली शहरातील वॉलनट स्ट्रीट तुरुंगात १६ कोठड्या बांधून या विचाराची परीक्षा घेण्यात आली, आणि पुढे तीस वर्षांच्या खटपटीनंतर १८२१ साली पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने संपूर्णपणे एकांतवासाच्या तत्त्वावर चालणारा मोठा तुरुंग बांधण्यास मंजुरी दिली.

हे काम इंग्लंडहून आलेल्या जॉन हॅविलँड नावाच्या तरुण वास्तुविशारदाकडे गेले. शहराबाहेर चेरीची बाग असलेली सुमारे ११ एकरांची जागा घेऊन त्याने तिच्या मध्यभागी एक वाटोळे दालन कल्पिले आणि त्यातून सात बराकी सात दिशांना फाकवल्या, जेणेकरून मध्यभागी उभ्या असलेल्या एकाच पहारेकऱ्याने नुसते स्वतःभोवती वळले तरी साऱ्या बराकींचे बोळ त्याच्या नजरेखालून जावेत. १८३६ साली बांधकाम पुरे झाले तेव्हा सुमारे ७ लाख ८० हजार डॉलर खर्च झाला होता. त्या काळच्या अमेरिकेत इतक्या किमतीच्या इमारती फारच थोड्या होत्या. युरोपातील राजदरबारांनी आपले प्रतिनिधी हा नमुना पाहण्यासाठी धाडले आणि पुढच्या शतकात जगभर सुमारे ३०० तुरुंग या आराखड्यावर उभे राहिले. इतिहासाची पुस्तिका या आकड्यापाशी अभिमानाने थांबते. मी मात्र तेथून कोठडीत शिरलो.

कोठडी साधारण आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब. भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, छत देवालयाच्या गाभाऱ्यासारखे कमानदार, आणि त्या कमानीच्या माथ्यावर तो झरोका. कुठे वाटोळा, कुठे लांबट चिरेसारखा, काचेने बंद केलेला. कोठडीला दुसरी खिडकी नाही. बाहेरच्या जगातले काहीही दिसू नये, झाड, माणूस, रस्ता, एवढेच काय तर क्षितिजही दिसू नये, आणि दिसावे ते केवळ वरून येणारे आकाशाचे तेज, अशी ही योजना होती. त्या झरोक्याला ईश्वराचा नेत्र म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळेच. मी ज्या कोठडीत उभा होतो तेथे दुपारचा उजेड भिंतीवरून इतक्या सावकाश सरकत होता की, त्याच्याकडे पाहता पाहता काळ मोजण्याचे हेच एक साधन ज्याच्यापाशी असेल त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करण्यासाठी कोणाच्याही वर्णनाची गरज मला भासली नाही.

हॅविलँडची बुद्धी किती तीक्ष्ण होती आणि किती एकाग्रपणे एकाच उद्दिष्टाकडे लागली होती, हे कोठडीच्या बारीकसारीक तरतुदींवरून ध्यानात येते. पहिल्या बराकींत कोठडीला बोळाच्या बाजूने दारच ठेवले नव्हते. बोळातून केवळ एक झडप, जिच्यातून जेवण आत सरकवायचे. कैद्याचे जाणे-येणे मागच्या बाजूच्या चिमुकल्या अंगणातून होई. हे अंगण प्रत्येक कोठडीला स्वतंत्र, उंच भिंतींनी वेढलेले आणि वर उघडे असे. कैद्याला रोज सुमारे एक तास तेथे फिरण्याची मुभा असे आणि शेजारच्या अंगणात त्या वेळी कोणी असू नये असा बंदोबस्त ठेवला जाई. शौचकूप कोठडीतच, कारण शौचासाठी बाहेर नेले तर एका कैद्याची दुसऱ्याशी गाठ पडण्याचा संभव. प्रत्येक कोठडीत नळाचे पाणी आणि भट्टीतून येणारी उष्ण हवा पोहोचविण्याची सोयही केली होती. ज्या साली हा तुरुंग उघडला त्या साली अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निवासस्थानी नळाचे पाणी नव्हते, ही गोष्ट येथील मार्गदर्शक आवर्जून सांगतात आणि ऐकणारे चकित होतात. परंतु या सुखसोयींचा जन्म दयेपोटी झाला तितकाच माणसाला माणसापासून तोडण्याच्या निर्धारापोटीही झाला, आणि मला वाटते, या वास्तूचे सारे रहस्य या दोन हेतूंच्या गुंतवळ्यात आहे.

२५ ऑक्टोबर १८२९ रोजी येथे पहिला कैदी दाखल झाला. त्याचे नाव चार्ल्स विल्यम्स; वय अठरा, वर्ण काळा, धंदा शेतीचा. एक घड्याळ, एक सोन्याची मुद्रा आणि एक सोन्याची किल्ली चोरल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. दफ्तरात त्याची नोंद १ या क्रमांकाने झाली आणि तुरुंगाच्या आत तेवढीच त्याची ओळख उरली. कोठडीबाहेर नेताना कैद्याच्या डोक्यावर चेहरा झाकणारे फडके चढविले जाई, म्हणजे त्याला वाट कळू नये, त्याने कोणाला ओळखू नये आणि सुटल्यावर त्यालाही कोणी ओळखू नये. पत्र नाही, आप्तांची भेट नाही, वर्तमानपत्र नाही. जोडे शिवणे, कापड विणणे असे एखादे काम असे, आणि ते काम कित्येकांना इतके प्रिय वाटू लागे की, कामाचे साहित्य काढून घेणे ही त्यांना मोठी शिक्षा वाटत असे. अठरा वर्षांच्या शेतकरी मुलाला, ज्याचे आयुष्य आजवर उघड्या रानात गेले होते, दोन वर्षांच्या या मौनात पश्चात्ताप झाला की नाही हे कोणत्याही दफ्तरात लिहिलेले नाही. तो चोर होता, एवढेच लिहिलेले आहे.

मौन मात्र पूर्णपणे कधीच साधले नाही, आणि ते कसे फसले ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या नळांनी कैद्यांना वेगळे राहणे शक्य केले त्याच नळांवर ठोके देऊन कैदी एकमेकांशी बोलू लागले. सांडपाण्याचे नळ कोरडे असले म्हणजे त्यांतून आवाजही पलीकडे जाई. हॅविलँडने आणि अधिकाऱ्यांनी नळांच्या मांडणीत फेरफार करून पाहिले, पहारेकऱ्यांनी कान लावून पाहिले, शिक्षा देऊन पाहिल्या, तरी माणसाची माणसाशी बोलण्याची तहान दगडातूनही वाट काढीत राहिली. या झगड्यात सत्तेने किती कठोर रूप धारण केले हे १८३४-३५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या चौकशीत उघड झाले. तोंडात लोखंडी पट्टी अडकवून ती साखळीने मानेमागे हातांशी जखडण्याची शिक्षा येथे दिली जात होती, आणि तिच्यात मथायस मकमसी नावाचा एक कैदी १८३३ साली मरण पावला होता. चाबकाला रानटी म्हणून हाकलून देणाऱ्या सुधारकांच्या घरातच ही लोखंडी पट्टी तयार झाली, याचा विचार सुधारणेचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखा आहे.

पाहुण्यांची मते परस्परविरुद्ध पडली. फ्रेंच सरकारने तुरुंगांच्या अभ्यासासाठी पाठविलेले तरुण अधिकारी तोकव्हिल आणि बोमाँ हे १८३१ साली आले. तोकव्हिल यांनी एकेका कोठडीत जाऊन कैद्यांशी एकांतात संभाषणे केली, आणि दोघांनीही या पद्धतीचा पुष्कळ आदराने विचार केला. १८४२ साली चार्ल्स डिकन्स आला आणि त्याचा अभिप्राय उलटा झाला. चालकांचा हेतू सज्जनपणाचा आहे हे त्याने मान्य केले. परंतु आपण काय करीत आहोत हेच त्यांना समजत नाही, असे त्याने अमेरिकेच्या प्रवासवर्णनात स्पष्ट लिहिले आणि देहाच्या यातनांपेक्षा मेंदूवर दररोज होणारा हा अदृश्य आघात अधिक वाईट ठरविला. कोठडीच्या भिंती रंगविणाऱ्या ज्या जर्मन कैद्याचे त्याने हृदयद्रावक चित्र काढले, तो चार्ल्स लँगहायमर पुढे पुनःपुन्हा तुरुंगात येत राहिला आणि १८८४ साली याच भिंतींच्या आत वारला. डिकन्स खोटा ठरला, हा माणूस तर चाळीस वर्षे जगला, असे तुरुंगाचे कैवारी म्हणू लागले. जो मनुष्य म्हातारपणापर्यंत पुनःपुन्हा त्याच फाटकातून आत येतो त्याच्यावर कोणता सुधारणेचा प्रयोग यशस्वी झाला, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला नाही.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. कैदी वाढले, एका कोठडीत दोघे-तिघे राहू लागले, मूळच्या सात बराकींच्या फटींत नव्या बराकी कोंबण्यात आल्या, आणि १९१३ साली एकांतवासाची पद्धत, जी प्रत्यक्षात कधीच मोडकळीस आली होती, अधिकृतपणे रद्द झाली. प्रेक्षकांची सर्वांत मोठी गर्दी जमते ती अल काप्पोन या शिकागोच्या टोळीनायकाच्या कोठडीपाशी. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल तो १९२९-३० मध्ये सुमारे आठ महिने येथे होता, आणि त्या काळच्या वर्तमानपत्री वर्णनावरून त्याची कोठडी गालिचा, दिवा, रेडिओ यांसह पुन्हा सजविली आहे. १९४५ साली बारा कैदी जवळपास शंभर फुटांचा भुयारी मार्ग खणून पळाले, त्याचीही कथा रंगवून सांगितली जाते. मला या दोन्ही ठिकाणी फार वेळ थांबावेसे वाटले नाही.

याउलट एका गोष्टीचा विचार माझ्या मनातून जाईना, आणि तो मराठी वाचकासाठी येथे नोंदविणे मला आवश्यक वाटते. फिलाडेल्फियाची ही पद्धत पाहण्यासाठी इंग्लंडहून निरीक्षक आले, तिच्या आधारे १८४२ साली लंडनमध्ये पेंटनविल तुरुंग बांधला गेला, आणि त्या परंपरेतून एकांत कोठडीचा विचार साम्राज्यभर पसरला. अंदमानातील सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. तेथेही मध्यभागी मनोरा, त्यातून फाकलेल्या सात बराकी, जवळपास सातशे कोठड्या, आणि एका बराकीची दारे दुसऱ्या बराकीच्या पाठीकडे अशी रचना, म्हणजे समोरासमोर कोणी येऊ नये. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू त्याच तुरुंगात वर्षानुवर्षे होते, आणि आपल्या साहित्यात त्या कोठडीचे जे स्थान आहे ते सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या धर्मशील माणसांनी कैद्याच्या आत्म्याची चिंता वाहत एकांताची कल्पना मांडली, त्यांना शंभर वर्षांनी ती कल्पना एका परक्या सत्तेच्या हाती कोलूसह जाऊन पडेल हे स्वप्नातही आले नसेल. परंतु विचार बांधकामात उतरला की बांधणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर प्रवास करीत नाही, आराखडा तेवढा प्रवास करतो.

१९७१ साली तुरुंग बंद झाला आणि झरोक्यांचे नवे आयुष्य सुरू झाले. काचा फुटल्या, त्यातून पाऊस आला, बर्फ आले, वाऱ्याबरोबर बी आले, आणि ज्या कोठड्यांत एक पानही दिसू नये अशी व्यवस्था होती त्या कोठड्यांत झाडे वाढली. मुळ्यांनी फरशा उचलल्या, फांद्या त्याच झरोक्यांतून आकाशाकडे निघून गेल्या. मांजरांनी अकरा एकरांवर वसाहत केली आणि शहरातला एक सहृदय गृहस्थ वर्षानुवर्षे येऊन त्यांना अन्न घालीत राहिला. १९८० साली शहराने ही जागा राज्याकडून विकत घेतली, आणि येथे बाजारपेठ किंवा निवासी सदनिका उभारण्याचे बेत होऊ लागले. १९८८ साली इतिहासप्रेमी नागरिकांच्या एका समितीने महापौर विल्सन गूड यांच्याकडे अर्ज करून ते बेत थांबविले. प्यू न्यासाने डागडुजीसाठी पैसे दिले, १९९४ साली नियमित दर्शन सुरू झाले, आणि आरंभीची काही वर्षे प्रेक्षकांना डोक्यावर शिरस्त्राण घालून व जबाबदारीच्या कागदावर सही करूनच आत सोडले जाई. हे दर्शन प्रथम ज्यांनी चालविले ती पेन्सिल्व्हेनिया प्रिझन सोसायटी म्हणजे १७८७ साली स्थापन झालेली तीच मंडळी होय. ज्या संस्थेने हा तुरुंग कल्पिला तिनेच त्याचे भग्नावशेष लोकांना दाखवावेत, अशी उदाहरणे इतिहासात विरळा.

संग्रहालयाच्या चालकांनी एक विवेकाचा निर्णय घेतला. साऱ्या इमारतीला रंगसफेदी करून नवी करण्याचा मोह त्यांनी टाळला. ढासळू पाहणारा भाग सावरायचा, छप्पर गळू द्यायचे नाही, पण पडझड लपवायची नाही, असे धोरण ठेवले. काही कोठड्या, तुरुंगातील यहुदी प्रार्थनागृह अशी मोजकी स्थळे पूर्ववत केली, बाकीची काळाच्या हवाली असल्यासारखी दिसतात. परंतु भग्नावशेष भग्न ठेवणे हे नवे बांधण्याहून महाग काम आहे. शेकडो झरोके, त्यांच्याभोवतीचे चुन्याचे जोड, बराकींची लांबच लांब छपरे, आणि तीस फुटी भिंतीचा अर्ध्या मैलाचा घेर. यांतील एक बाजू दुरुस्त होते तोवर दुसरी बाजू पाणी पिऊ लागते. हा खर्च कोठून भागतो, याचे उत्तर शोधत आपण संपादकांच्या मूळ विषयापाशी येतो.

पाश्चात्त्य देशांत ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री हॅलोविन हा भुताखेतांचा सण पाळतात. १९९१ साली निधी जमविण्यासाठी त्या सणाच्या निमित्ताने येथे एक कार्यक्रम झाला. तो वाढत वाढत 'टेरर बिहाइंड द वॉल्स' या नावाने देशभर गाजला आणि २०२१ पासून 'हॅलोविन नाइट्स' या सौम्य नावाने सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत होतो. संस्थेच्या उत्पन्नाचे हेच सर्वांत मोठे साधन आहे. संध्याकाळ झाली की फाटकावरील अक्राळविक्राळ पुतळ्यांवर रंगीत प्रकाश पडतो, धूर सोडला जातो, रंगभूषा केलेले नटनट्या बोळांतून प्रेक्षकांच्या अंगावर येतात, आणि तरुण मुलामुलींच्या किंकाळ्या व पाठोपाठ हसणे भिंतीबाहेरच्या रस्त्यावरही ऐकू येते. या खेळात एक नियम मला लक्षणीय वाटला. ज्याला नटांनी स्पर्श करावा, ओढून न्यावे, क्षणभर कोंडावे असे वाटते त्याने गळ्यात चमकणारी खूण घालायची, असा प्रघात येथे बरीच वर्षे आहे. ज्याने ती घातली नाही त्याला कोणी हात लावीत नाही. भीतीसाठी आधी संमती मागण्याची ही रीत ज्या भिंतींच्या आत पाळली जाते, त्याच भिंतींच्या आत चार्ल्स विल्यम्सच्या डोक्यावर फडके चढविताना कोणी त्याची संमती विचारली नव्हती.

येथून पुढच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना बगल देऊन कौतुक करणे मला शक्य नाही. पहिली अडचण नैतिक. ज्या जागी माणसे खरोखर वेडी झाली, खरोखर मेली, तेथे करमणुकीची भुते नाचवावीत काय? स्मशानात जत्रा भरविल्यासारखे हे आहे असे म्हणणारे लोक फिलाडेल्फियातही आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दुसरी अडचण व्यवहाराची. ज्या संस्थेचा संसार सहा-सात आठवड्यांच्या उत्सवावर चालतो ती त्या उत्सवाची बांधील होते. २०२० साली साथीच्या रोगामुळे तो उत्सव रद्द करावा लागला, आणि दुरुस्तीचे काम किती नाजूक धाग्यावर लोंबकळत आहे हे तेव्हा दिसून आले. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. कृत्रिम भय हे खऱ्या भयाचा विसर पाडते. आरडाओरड, धूर, रक्ताचा रंग यांची सवय झालेल्या मनाला या तुरुंगाचे खरे भय, म्हणजे निःशब्द दुपार, भिंतीवरून सरकणारा उजेड आणि बोलायला कोणी नसणे, हे भय आहे असे वाटेनासे होण्याचा धोका आहे. रात्री येऊन गेलेला आणि दिवसा कधीच न आलेला माणूस हा तुरुंग पाहून गेला असे मी म्हणणार नाही.

तरीही चालकांच्या बाजूने एक साक्ष द्यायलाच हवी. रात्री मिळालेला पैसा दिवसा कशासाठी वापरला जातो हे मी पाहिले. २०१४ साली मोकळ्या आवारात पोलादाचा १६ फूट उंचीचा एक आलेख उभारला आहे. अमेरिकेत तुरुंगात असलेल्यांचे प्रमाण १९०० पासून कसे चढत गेले हे तो दाखवितो, आणि त्याच्या एका अंगाला इतर देशांशी तुलना आहे, तर दुसऱ्या अंगाला वर्णभेदाचा हिशेब. आज त्या देशात सुमारे २० लाख माणसे कोठडीत आहेत, आणि एकांतवासाची शिक्षा, जी याच शहरात जन्मली आणि याच ठिकाणी अपयशी ठरली, ती देशातील तुरुंगांत अजून चालू आहे. २०१६ साली उघडलेल्या प्रदर्शनात प्रवेश करताना प्रेक्षकाला विचारले जाते की, तुम्ही आयुष्यात कधी कायदा मोडला आहे काय, आणि उत्तराप्रमाणे दोन वाटांपैकी एक वाट धरावी लागते. पुष्कळ सभ्य माणसे त्या वळणावर थबकतात. स्वतः तुरुंगवास भोगून आलेल्यांना मार्गदर्शक म्हणून नेमण्याचा उपक्रमही संस्थेने चालविला. कोठडीविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्याच तोंडून ती ऐकावी, याहून उचित योजना दुसरी कोणती असू शकेल? भुतांच्या तिकिटाचा पैसा येथे छपराला लागतो आणि सत्य सांगण्यालाही लागतो, आणि जोवर हा दुसरा खर्च चालू आहे तोवर पहिल्या उत्पन्नाला मी दूषण देणार नाही. ज्या दिवशी दिवसाचे संग्रहालय रात्रीच्या खेळाचे केवळ निमित्त होऊन राहील, त्या दिवशी मात्र टीकाकारांचे म्हणणे खरे ठरेल.

आपल्याकडेही हा विषय आता दारात आला आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने पुण्याच्या येरवडा कारागृहापासून कारागृह पर्यटनाचा आरंभ केला. लोकमान्य टिळक व महात्मा गांधी यांच्या वास्तव्याच्या जागा, १९३२ चा पुणे करार जेथे झाला ते स्थळ, दामोदर चाफेकरांच्या बलिदानाची स्मृती, हे सर्व नव्या पिढीने अवश्य पाहावे आणि नतमस्तक व्हावे. परंतु येरवड्याच्या दफ्तरात दीडशे वर्षांत ज्यांची नावे चढली ती बहुतेक सामान्य माणसांची आहेत; भाकरीची चोरी, जमिनीचा तंटा, दारूच्या नशेतला वार, आणि कित्येकदा न केलेला गुन्हा, यांपायी आत आलेली माणसे. आज भारतातील तुरुंगांत जे आहेत त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही असे. थोरांच्या कोठडीपुढे हात जोडून बाहेर पडणाऱ्या पर्यटकाला त्यांच्याविषयी काहीच सांगितले जाणार नसेल, तर ते दर्शन अपुरे आहे.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. जे वाचक कधी फिलाडेल्फियाला जातील, आणि आज मराठी कुटुंबे त्या परिसरात थोडी नाहीत, त्यांनी मुलांना घेऊन रात्रीच्या खेळाला खुशाल जावे. पण त्याआधी एखादी दुपार काढून जुन्या बराकीतल्या एका कोठडीत मुलांसह दहा मिनिटे न बोलता उभे राहावे. आणि महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने टिळक-गांधींच्या कोठड्यांशेजारी एक कोठडी नाव नसलेल्या कैद्यासाठी राखावी. तिच्यात त्याचा क्रमांक, त्याचा गुन्हा, त्याचे वय, त्याची मजुरी आणि त्याच्या शिक्षेची मुदत दफ्तरातून जशीच्या तशी उतरवून लावावी. त्याला फारसा खर्च येणार नाही आणि त्यासाठी भुतेही नाचवावी लागणार नाहीत.